बाहेरच्या अंगाची खाच

तुमच्या झोपायच्या खोलीचं दार बाहेरून उघडता येतं का? उगाच मान हलवू नका. शेवटचं कधी बघितलंत ते सांगा. बाहेर उभं राहून, वाकून, कडीच्या मागच्या अंगाला बोट लावून कधी बघितलंत?

नाही ना. कोणीच बघत नाही. आणि पुरुषमाणसाला तर बघायची गरजच काय? त्याच्यासाठी ते दार कधी बंद नव्हतंच.

ज्याची ही गोष्ट आहे त्या माणसाचं आख्खं आयुष्य दारांपुढे गुडघे टेकण्यात गेलं. त्यानेही बघितलं नाही. आपल्या हाताने बसवलेली कडी, आणि तीही पोटच्या पोरीच्या दाराला.

त्याला सगळे कुलूपकाका म्हणत. दोन इमारतींच्या मधल्या फटीत त्याचं दुकान. आत तो बसला की दुकान भरलं, गिऱ्हाईक फळीबाहेर उभं. भिंतीवर न कापलेल्या किल्ल्यांचे घोस, पायाशी पितळेचा कीस, केसांत पितळेचा कीस. बायको रोज म्हणायची, "अहो, झटकून या घरात. उशीवर नुसतं सोनं सांडतं, आणि अंगाला टोचतं."

हात मात्र असा की विचारू नका. बिजागरीचं कुरकुरणं ऐकून दार कुठे लोंबलंय ते सांगायचा. काम झालं की कडी एकदा सरकवून दाखवायची, छाती काढायची आणि म्हणायचं, "माझी कडी आहे." त्यापुढे कोणी काही विचारलेलं त्याला खपत नसे. "टिकेल ना हो काका?" असं एखादी बाई भाबडेपणाने बोलली की संपलं. "तुमची चौकट टिकते का बघा," म्हणून हत्यारांची पिशवी उचलून चालू लागायचा.

घराच्या आतल्या खोल्यांना तो एकाच जातीची कडी बसवायचा. आतून फिरवायचा खटका, बाहेरच्या अंगाला पितळेची चकती, चकतीत एक खाच. आतून कडी लागली तरी त्या खाचेत पेचकस, नाणं, काहीही चपटं घालून फिरवलं की दार उघडं. धंद्यात तिला सुटकेची खाच म्हणतात. तो तरुण असताना एक लहान पोर न्हाणीघरात अडकलं होतं. दार फोडेपर्यंत आत गरम पाण्याने व्हायचं ते होऊन गेलं. तेव्हापासून आतल्या दाराला खाचेशिवाय कडी नाही. हा नियम त्याच्या डोक्यात नव्हता, हातात होता. डोकं निदान कधीमधी थांबतं.

ही गोष्ट घडली त्या साली कायद्याची बातमी आली. नवऱ्याने बायकोवर जबरदस्ती केली तर तोही गुन्हा धरायचा, असा मसुदा सरकारपुढे होता. झालं, गल्लीगल्लीत वकील उगवले. संध्याकाळी कुलूपकाकाच्या फळीपाशी समोरचा शिंपी आणि एक निवृत्त कारकून येऊन टेकायचे.

"म्हणजे आता स्वतःच्या खोलीत जायलाही अर्ज करायचा?" शिंपी म्हणाला.

"तीन प्रतींत," कारकून म्हणाला. "आणि मंजुरी येईपर्यंत बाहेर सतरंजीवर."

"तुम्हाला कसली मंजुरी लागते हो आता? गुडघे धड वाकत नाहीत तुमचे."

सगळे पोट धरून हसले. कुलूपकाकाही हसला, हसता हसता कानस घासत राहिला. किल्ली करून घ्यायला आलेली दवाखान्यातली नर्सबाई तेवढी हसली नाही.

"हसून झालं असेल तर माझी किल्ली द्या," ती म्हणाली. "आणि अर्ज कोण मागतंय तुमच्याकडे? विचारायला तोंड लागतं, कागद नाही लागत."

"बाई, लग्न म्हणजे विचारूनच झालेलं असतं की," शिंपी म्हणाला.

"जेवायला घरी बोलावलं म्हणजे तोंडात कोंबायची परवानगी मिळते का? आमच्याकडे सकाळी सकाळी बायका येतात. सगळ्या जिन्यावरून पडलेल्या. मला एक सांगा, एवढे जिने आहेत का हो या गावात?"

ती किल्ली घेऊन गेली. मग कारकून म्हणाला, "जिभेला हाड नाही बाईच्या," आणि पुन्हा हसणं सुरू झालं. पण मघासारखं नाही.

प्रार्थनेच्या इमारतीला लागून एक सभागृह होतं. तिथे या मसुद्यावर पहिली सभा झाली, तेव्हा कुलूपकाकाला बोलायला उभं केलं. त्याला शाळेचं वारं फारसं लागलेलं नव्हतं, पण सभेत बोलायची हौस दांडगी. "मी जन्मभर दारं बसवली," तो म्हणाला. "दार कशासाठी असतं? आतलं आत राहावं म्हणून. दाराच्या आत कायद्याने नाक खुपसायचं असेल तर दारं काढून चुलीत घाला!" टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. सगळ्यांत शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होता त्याचा जावई.

जावई म्हणजे गल्लीचा लाडका. औषधांच्या दुकानात कामाला. आवाज असा मऊ की म्हाताऱ्या बायका त्याच्याकडे खोकल्याचं औषध घ्यायला जात आणि खोकला विसरून गप्पा मारून येत. गोळ्या मोजायची एक चपटी स्टीलची पट्टी कायम त्याच्या खिशात असे. बोलताना ती बोटांत फिरवायची त्याला सवय. प्रार्थनेला कधी चुकायचा नाही. कुलूपकाकाला त्याचा कोण अभिमान! "जावई नाही, मुलगा मिळाला," असं तो फळीपाशी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा.

सभेनंतर काही दिवसांनी लेक दुकानात आली. तिचं घरातलं नाव खारू. लहानपणी दुकानाच्या जमिनीवरून स्प्रिंगा आणि खिळे वेचून फ्रॉकच्या खिशात लपवायची, म्हणून खारूताईची खारू झाली. आता ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करायची. नजर बारीक, बोलणं त्याहून बारीक.

"बाबा, आमच्या आतल्या खोलीला कडी बसवून द्या."

"का गं?"

"दार वाऱ्याने उघडतं."

"मग लाकडाची पाचर मारून देतो. कडी कशाला?"

"कडीच हवी." ती फळीवरचा पितळेचा कीस बोटाने गोळा करत होती. वर बघत नव्हती.

"जावईबापूंना विचारलंस?"

"दार मीच लावते, मीच उघडते. त्यांना काय विचारायचं त्यात?" मग जरा थांबून म्हणाली, "ते कामावर असताना या."

कुठल्याही बापाच्या मनात इथे पाल चुकचुकली असती. कुलूपकाकाला वाटलं, पोरीला नवऱ्याला चकित करायचं असेल. बाप मंडळी सोयीचं तेवढंच समजतात, आणि त्यालाच विश्वास म्हणतात.

तो गेला. गिरमिटाने भोक पाडलं, पटाशीने चौकटीत खोबण काढली, कडी बसवली. हात आपोआप पिशवीत गेले आणि नेहमीचीच कडी घेऊन बाहेर आले. खारू शेजारी उभी होती. खटका फिरवून बघितला, दोनदा फिरवला.

"बाबा, बाहेरून कोणाला उघडता येणार नाही ना?"

कुलूपकाकाला ते बोचलं. पोटच्या पोरीनेही विचारावं!

"माझी कडी आहे," तो म्हणाला आणि पिशवी उचलली.

त्याने प्रश्न ऐकलाच नव्हता. त्याने ऐकली ती कामावरची शंका. बाहेरच्या चकतीतली खाच तिला कुठल्याशा स्क्रूचं डोकं वाटली. आणि कडीबद्दल बापाला पुन्हा काही विचारायची तिची प्राज्ञा नव्हती.

त्यानंतर खारू सुट्टीच्या दिवशी माहेरी यायची बंद झाली. आईने निरोप पाठवला, तर काम आहे म्हणाली. दुसऱ्यांदा पाठवला, तर डोकं दुखतंय म्हणाली. आईने स्वतः चष्म्याच्या दुकानात जाऊन काचेतून बघितलं. उकाड्यातही पोरीने हात मनगटापर्यंत झाकले होते.

"अहो, काहीतरी बिनसलंय तिचं," ती भांडी विसळता विसळता म्हणाली.

"नव्या संसारात कुरबुरी असतातच. आणि तू त्या नर्सबाईकडे बसत जाऊ नकोस. डोक्यात काय काय भरवते ती."

"भरवायला माझं डोकं रिकामं नाही." तिने नळ बंद केला. "देवाला मी तुमच्यापेक्षा जास्त मानते. गुडघे टेकून उठते तेव्हा दोन वेळा कंबर धरते माझी. पण एक सांगा. आपलं लग्न झालं तेव्हा गावातल्या सगळ्या दारांना तुम्ही कड्या बसवत होतात. आपल्या खोलीला का नाही बसवलीत?"

"आपल्याला कशाला लागते कडी?"

"आपल्याला," ती म्हणाली. "हो. तुम्हाला नव्हती लागत."

ती ओले हात पदराला पुसून आत निघून गेली. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. पण माणूस मानी. त्याने दोष भाजीला दिला.

मग दुसरी सभा आली. भर दुपार, सभागृह गच्च. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, छताचा पंखा कण्हतोय. उपदेशक उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, हे सांगायलाच हवं. बोलायचेही समजून उमजून.

"धर्मात जबरदस्तीला जागा नाही," ते म्हणाले. "पण घरात पोलिसालाही जागा नाही. विवाहातला होकार एकदा दिलेला असतो, देवासमोर. त्याची रोज रोज उलटतपासणी करायची का?"

बायकांच्या बाजूने नर्सबाई उठली. "देवासमोर होकार देताना मी शुद्धीवर होते, म्हणून तो होकार. झोपेत, तापात, रडत असताना घेतला तर त्याला काय म्हणायचं? तुम्हीच शब्द सांगा, तुमचं वाचन जास्त."

"बाई, प्रत्येक घरात असं नसतं."

"चोरीही प्रत्येक घरात होत नाही. तरी काकांचं दुकान चालतंच ना?"

बायका हसल्या, पुरुषांची बाजू कुजबुजली. कोणीतरी ओरडलं, "खाली बसा!" ती बसली नाही.

कुलूपकाका पहिल्या रांगेत होता. त्याला पुढे बोलायचं होतं. शेजारी जावई. बोटांत स्टीलची पट्टी फिरत होती. तो कानाशी झुकला.

"बाबा, एक सांगायचं राहूनच गेलं. कडी फार छान बसवलीत."

"आवडली ना?"

"खरं सांगू? आधी मला राग आला होता. म्हटलं, बाबांनी असं करावं? मग बाहेरून बघितली." तो हसला, अगदी खोकल्याचं औषध देताना हसतो तसा. "तेव्हा जिवात जीव आला. म्हटलं, नाही, बाबा आपल्याच बाजूचे आहेत."

कुलूपकाकाची नजर पट्टीवर गेली. स्टीलच्या टोकाला पिवळसर झाक होती. पितळेवर पितळ घासलं तर काही दिसत नाही, स्टीलवर लगेच दिसतं. एकदा फिरवून एवढं पितळ चढत नाही.

"तुमचं भाषण व्हायच्या आत येतो परत," जावई उठत म्हणाला. "ती घरी एकटीच आहे. सकाळपासून जरा हट्टाला पेटलीय." आणि वाटेत म्हाताऱ्यांना नमस्कार करत करत तो बाहेर पडला.

"कुलूपकाका, या," उपदेशकांनी हाक मारली. "तुमच्या तोंडून ऐकायला सगळे थांबलेत."

तो उठला. पुढे जाऊन उभा राहिला. समोर सगळे ओळखीचे चेहरे, टाळ्यांसाठी हात तयार.

"मी मागच्या वेळी म्हणालो होतो," तो म्हणाला, "की दाराच्या आत..."

पंखा कण्हत राहिला. कोणीतरी पाणी पुढे केलं.

"कडी बाहेरून उघडत असेल," तो म्हणाला, "तर आत कोण असतं? म्हणजे, आत असलेलं माणूस कोण असतं?"

लोकांना वाटलं काकाला उन्हाने चक्कर आली. तोवर तो पायऱ्या उतरून पळतही सुटला होता. या वयात, या गुडघ्यांनी. बायकांच्या बाजूने त्याची बायको उठली आणि काही न विचारता त्याच्या मागे निघाली. तिला विचारायचं काही उरलंच नव्हतं.

दुकान वाटेतच होतं. त्याने पिशवी घेतली. जावयाच्या इमारतीचा जिना चढताना त्याला नर्सबाई आठवली. एवढे जिने आहेत का हो या गावात?

दार जावयानेच उघडलं. बाह्या दुमडलेल्या, चेहरा शांत.

"बाबा! बरं झालं आलात. बघा ना, तिने आतून काहीतरी लावलंय. खाच फिरते, पण दार हलत नाही. तुमच्याकडे हत्यारं आहेत. जरा उघडून द्या."

कुलूपकाका आतल्या खोलीपुढे गेला आणि सवयीप्रमाणे गुडघ्यावर बसला. चकतीवर खाचेभोवती ओरखडेच ओरखडे होते. काही जुने, काळपट पडलेले. काही ताजे. ओरखडे वाचायला त्याला चष्मा लागत नसे. पेचकस निसटतो कधी? घाई असली की, आणि आतून कोणी खटका धरून ठेवला की.

"खारू," तो म्हणाला. "मी आहे. बाबा."

त्याने दाराला कान लावला.

"उघडा ना," जावई मागून म्हणाला. "विचारताय काय तिला?"

कुलूपकाकाच्या पिशवीत या दारासारखी शंभर दारं उघडायची हत्यारं होती. त्याने पिशवी लांब सरकवली.

"खारू, मी आत येत नाही. दार तुझं आहे. तू उघडशील तेव्हाच उघडेल."

मग दाराच्या अगदी जवळून, जमिनीच्या पातळीवरून आवाज आला. ती दाराला पाठ लावून बसली होती.

"खाच तुम्हीच ठेवलीत ना?"

"हो."

"मुद्दाम?"

त्या एका शब्दाने तो जागच्या जागी म्हातारा झाला. एवढे दिवस पोरगी का आली नाही, ते त्याला आत्ता कळलं. तिला वाटलं होतं, बापाने भर सभेत जे बोलून दाखवलं तेच दारावर करून ठेवलं.

"नाही गं. हाताला सवय होती. लक्षातच आलं नाही."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतंस. मी ऐकलं नाही."

जिन्यात धापा टाकत आई आली. तिने जावयाकडे बघितलंही नाही. ती नवऱ्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि दाराला तळहात लावला. "बाळ, आम्ही इथेच बसलोय," एवढंच म्हणाली.

जावई भिंतीला टेकून पट्टी फिरवत होता. त्याला कसलीच घाई नव्हती, आणि त्याचीच कुलूपकाकाला भीती वाटली. रागावलेल्या माणसाला निदान काहीतरी गमावायचं असतं.

आत जड काहीतरी सरकलं. पेटी असावी. मग खटका फिरला, आतून. खारू बाहेर आली. तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही. ती स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आली आणि आईचा हात धरून उभी राहिली.

"न्या की," जावई म्हणाला. "चार दिवस माहेरी राहील, डोकं थंड होईल. मग मी येतो न्यायला."

"येऊ नका," कुलूपकाका म्हणाला.

"कुठल्या कायद्याने अडवाल, बाबा?" तो खरंच उत्सुकतेने विचारत होता. "तुमचं भाषण मला पाठ आहे. म्हणून दाखवू?"

पूर्ण जिना उतरेपर्यंत कुलूपकाकाला त्याचं हसणं ऐकू येत राहिलं. खरं तर तो हसलाच नव्हता.

घरी येऊन त्याने माजघरामागची खोली रिकामी केली. साधी कडी घेतली, बाहेर काही नाही, चकती नाही, खाच नाही. "कुठे लावू?" त्याने विचारलं. खारूने बोट ठेवलं. "आणखी वर?" ती म्हणाली, "नाही, इथेच." स्क्रू तिनेच आवळले. चष्म्याच्या काड्यांचे कणाएवढे स्क्रू आवळणारी बोटं ती. मग ती आत गेली आणि कडी लावली. तो बाहेर उभा राहून ते ऐकत होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो "माझी कडी आहे," असं म्हणाला नाही.

ऊन कलायच्या सुमारास रस्त्यावर पावलं वाजली. खूप पावलं. खिडकीतून त्याने बघितलं. सभा सुटून सगळे इकडेच येत होते. पुढे उपदेशक, त्यांच्या कोपराला आधार देत चालणारा जावई, मागे शिंपी, कारकून आणि मागच्या वेळचे ते सगळे टाळ्यांचे हात. ओरडत कोणी नव्हतं. सगळे समजूतदार चेहरे करून येत होते. शिंप्याने एकदा वर बघितलं आणि मान खाली घातली.

दारावर थाप पडली. अगदी हळू, पाहुण्यांसारखी.

"काका," उपदेशकांचा आवाज. "उघडा. घरातलं आहे, घरातच मिटवू."

"बाबा, मी आहे," दुसरा आवाज, मऊ.

"उघडायचं का?" बायकोने विचारलं.

कुलूपकाकाने आतल्या बंद दाराकडे बघितलं.

"तिला विचार," तो म्हणाला.

बाहेर थाप पुन्हा पडली. पहिलीपेक्षा जरा मोठी.

मसुदा अजून तसाच पडून आहे. सभा चालूच आहेत. उद्या तुमच्या गल्लीतही होईल, तुम्हालाही बोलावतील, आणि हात वर करा म्हणतील. जा, खुशाल जा. ज्या बाजूने वाटेल त्या बाजूने हात वर करा. पण त्याआधी एक करा. आज घरी गेलात की घरातल्या बाईला विचारा, तुझ्या दाराला कडी कुठल्या बाजूने हवी? आणि ती उत्तर देईपर्यंत दाराबाहेर थांबा.